पाचवीची स्कॉलरशिप: पेपर भरपूर सोडवतोय पण मार्क हलेनात

पाचवीवाली_आई
नमस्कार, मुलगा पाचवीत आहे, सेमीला, स्कॉलरशिपला बसवलंय. क्लासमध्ये रोज एक सराव पेपर घेतात आणि तरी गाडी ३०० पैकी १७०-१८० च्या पुढे सरकतच नाहीये. मराठी छान जातं, पण दुसऱ्या पेपरला बुद्धिमत्तेचे शेवटचे दहा-बारा प्रश्न राहूनच जातात आणि गणिताचं तर असं की घरी विचारलं की तोंडी फटाफट सांगतो आणि तेच पेपरात चुकवून येतो. सासूबाई म्हणतात खेळणं बंद करा, नवरा म्हणतो सराव पेपरांचा अजून एक संच आणू, घरात ऑलरेडी तीन पडलेत. वेंधळेपणाच्या चुकांवर काही उपाय असतो का हो?

झेडपी_गुरुजी
ताई, संच अजिबात आणू नका. रोज पेपर आणि रोज नुसती मार्कांची बेरीज, एवढंच चाललेलं दिसतंय. घरी तरी आठवड्याला दोनच पेपर ठेवा आणि मधल्या दिवसांत फक्त चुकलेले प्रश्न. एक वही करा, त्यात चुकलेला प्रश्न उतरवायचा आणि का चुकला ते त्यालाच लिहू द्या, तुम्ही लिहू नका. येतच नव्हता, का घाईत वाचला, का उत्तर बरोबर काढून उत्तरपत्रिकेवर गोल भलताच रंगवला? सगळ्याला आपण वेंधळेपणा म्हणून मोकळे होतो. 'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे' असं विचारलेलं असतं आणि पोरं पहिलं बरोबर विधान दिसलं की खूश होऊन तोच गोल करतात, दरवर्षी बघतो मी हे. 'नाही', 'चूक', 'गटात न बसणारा' असले शब्द आले की खाली रेघ मारायची सवय लावा. क्लासवाले हे करून घेत नाहीत कारण त्याला वेळ लागतो.

सांगलीचा_बाबा
गुरुजींना अनुमोदन. वेळेचं सांगतो. एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. पण दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे पहिले २५ प्रश्न वीस मिनिटांत उरकले तर बुद्धिमत्तेच्या ५० ला ७० मिनिटं मिळतात. तुमचा मुलगा बहुतेक एखाद्या वेन आकृतीवर नाहीतर ठोकळे मोजण्यात अडकून बसत असणार. सोडून पुढं जायला शिकवा, अवघड प्रश्नाला पण दोनच मार्क आणि सोप्याला पण दोनच. निगेटिव्ह मार्किंग नाहीये त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. आमची कन्या आधी प्रश्नपत्रिकेवर टिक करायची आणि पान संपलं की एकदम गोल रंगवायची, वेळ वाचतो.

झेडपी_गुरुजी
बाबा, हे मात्र नको. मधला एक प्रश्न सोडला की गोल एक घर सरकतो आणि मग खालचे सगळे सरकत जातात, आणि बॉलपेन आहे, खोडता येत नाही. प्रश्न सुटला की लगेच गोल.

सांगलीचा_बाबा
आमच्याकडे चाललं बुवा 😄 पण पोरगं धांदरट असेल तर गुरुजींचंच ऐका.

रिटायर्ड_बाई
काही गोष्टी पाठच हव्यात, तिथे डोकं चालवण्यात वेळ घालवायचा नाही. १ ते १०० मध्ये मूळ संख्या २५. १ ते १०० लिहिताना २ ते ९ पैकी प्रत्येक अंक २० वेळा येतो, १ मात्र २१ वेळा आणि शून्य ११ वेळा. रांगेत एखादा मुलगा डावीकडून ७ वा आणि उजवीकडून ९ वा असेल तर बेरीज करून एक वजा, १५ मुलं. आरशातलं घड्याळ आलं की ११:६० मधून वेळ वजा करायची, ४:२० चे ७:४० होतात. मात्र ही युक्ती आधी खरंच आरसा धरून दाखवा, नाहीतर पोरं जलप्रतिमेलाही (पाण्यातल्या उलट्या प्रतिबिंबाला) हेच लावून मोकळी होतात. आणि जुने पेपर ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या साइटवर उत्तरसूचीसकट फुकट आहेत, त्यातली अंतिम उत्तरसूची बघा. बाजारच्या संचात उत्तरंच चुकलेली असतात कधीकधी आणि मूल बिचारं स्वतःला ढ समजतं. खेळणं अजिबात बंद करू नका, सासूबाईंना माझा निरोप सांगा.

पाचवीवाली_आई
बाई, निरोप पोचवला, आवडलेला नाही 😀 काल जुने पेपर घेऊन बसलो दोघं. गणितातल्या निम्म्याहून जास्त चुका परिमिती आणि क्षेत्रफळाच्या निघाल्या! सूत्रं दोन्ही पाठ आहेत पण कुठलं कधी लावायचं तेच कळत नाहीये त्याला आणि मी इतके दिवस घाई करतो म्हणून ओरडत होते.

झेडपी_गुरुजी
मग आठवडाभर पेपर बंद. फरशीच्या खोलीत न्या, कडेकडेने दोरी लावायची तर किती लागेल आणि खोलीत एकूण फरश्या किती, दोन्ही त्यालाच मोजू द्या. नंतर विचारा, बागेला कुंपण म्हणजे यातलं कुठलं आणि भिंतीला रंग म्हणजे कुठलं. सूत्र अगदी शेवटी.