मदत हवी आहे: मुलाचे शुद्धलेखन आणि निबंध, दोन्ही बोंबललेय

फोंड्याची_सून (मंगळवार, रात्री १०:४०)
वैतागून लिहितेय. मुलाला श्रुतलेखनात २० पैकी ७ मिळाले. गेल्या खेपेला ९ होते, म्हणजे मी अभ्यास घ्यायला बसल्यावर दोन कमीच झाले! बाईंनी वहीत लाल पेनाने ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’ एवढेच लिहिलेय. चुकलेले शब्द रोज दहा-दहा वेळा लिहून घेते, तरी ढिम्म. निबंधाचे तर विचारूच नका, चार ओळींत गाडी थांबते. येत्या सोमवारी चाचणी आहे. लांबड न लावता उपाय सांगा. एखादे चांगले पुस्तक असेल तर तेही.

रोज_उंडो
कितवीत आहे? माध्यम कुठले?

फोंड्याची_सून
मराठी शाळा, आणखी कुठली? मराठीतच विचारतेय ना.

रोज_उंडो
रागावू नका ताई. गोव्यात कोकणी माध्यमाच्याही शाळा आहेत, आणि इंग्रजी शाळेत जाऊन घरी मराठी शिकणारी मुलेही आहेत. तिघांच्या चुका तीन तऱ्हेच्या असतात, म्हणून विचारले. कितवी ते राहिलेच.

मोत्याचे_दाणे
आधी अक्षर बघा. माझ्या पुतणीला बोरू आणि चाररेघी वही आणून दिली. दोन महिन्यांत अक्षर असे झाले की पाहुण्यांना दाखवावे. अक्षर सुधारले की बाकीचे आपोआप सुधारते.

फोंड्याची_सून
अक्षर उत्तम आहे हो. चुकीचे शब्द सुंदर अक्षरात लिहितो. चौथीत आहे.

मुठेचा_काठ
कोकणपट्टीतल्या मुलांचा न-ण आणि ल-ळ चा घोळ असणार. उच्चारच कच्चा असेल तर लेखन कुठून येणार? रोज अर्धा तास मोठ्याने वाचून घ्या.

भिरंड
हे कुणी सांगितले? कोकणीत ण आणि ळ दोन्ही ठणठणीत आहेत. आमच्याकडचे शेंबडे पोरही ‘केळें’ आणि ‘कोण’ चुकवत नाही. ‘पानी’ ऐकायचे असेल तर तुमच्याच बाजूला फिरून या.

मुठेचा_काठ
मी सर्वसाधारण निरीक्षण मांडले. लगेच अंगावर यायचे कारण नाही.

निवृत्त_मास्तर (बुधवार, सकाळी ६:१५)
ताई, ७ गुण हा काही रोग नव्हे, तो ताप. ताप कशाने आलाय ते वही बघितल्याशिवाय कळायचे नाही. चुकलेले तेराही शब्द त्याने लिहिलेत तसेच इथे टाका. तुम्ही दुरुस्त करून नकोत.

फोंड्याची_सून
घ्या. नांव, शाळेंत, कांही, आमचें, घरांत, वस्तु, गरिब, खुण, दुध, फूलांचा, मूलांना, आणी, पावस. झाले तेरा. एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही, म्हणून तर डोके फिरलेय.

निवृत्त_मास्तर
संबंध आहे. पहिले पाच बघा, पाचही ठिकाणी फालतू अनुस्वार. विसरणारे मूल अनुस्वार गाळते, वरून घालत नाही. हे त्याने कुठेतरी बघितलेय. घरात कोकणी कोण वाचते? किंवा कुणी जुने माणूस अभ्यास घेते का?

फोंड्याची_सून
मी मूळची सांगलीची, सासर इकडचे. सासरी सगळे कोकणी बोलतात, मीही आता मोडकीतोडकी बोलते. पुतणी कोकणी शाळेत आहे, दोघे एकाच टेबलावर अभ्यासाला बसतात. मी कामावरून येईपर्यंत आजोबा शब्द घालतात. आजोबांचे मराठी माझ्यापेक्षा चांगले आहे, त्यांच्याकडून चूक होणे शक्य नाही.

निवृत्त_मास्तर
आजोबांचे वय काय?

फोंड्याची_सून
७७. त्याचा काय संबंध?

निवृत्त_मास्तर
सांगतो. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. आजोबा त्याआधी पोर्तुगीज अमलातल्या एखाद्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले असणार. त्या काळी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘शाळेंत’ असेच लिहायचे आणि ते बरोबरच होते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम लागू झाले १९६२ मध्ये, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ आले. न उच्चारले जाणारे हे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी उडाले. ‘वस्तु’ही तिथलेच. तेव्हा संस्कृतातून आलेल्या शब्दाचा शेवट ऱ्हस्व ठेवत, आता ‘वस्तू’ लिहायचे. त्यात पुतणीच्या पुस्तकात ‘शाळेंत’, ‘नांव’ छापलेलेच आहे, कारण कोकणीत अनुस्वार लागतो. म्हणजे एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला पुस्तक, दोघेही आपापल्या जागी बरोबर. मुलगा तिसऱ्याच जागी परीक्षा देतोय.

फोंड्याची_सून
अगं बाई.

फोंड्याची_सून
आजोबांना हे मी कसे सांगू?

भिरंड
मास्तर, वंदन. देव बरें करूं.

सोप्पी_लिपी
एवढा खटाटोप कशाला? ऱ्हस्व-दीर्घच काढून टाका. एकच इ, एकच उ. निम्मा ताप कमी. ‘शुद्धलेखन’ हा शब्दच मुळात अपमान करणारा, बाकीच्यांचे काय अशुद्ध? प्रमाणलेखन म्हणा.

मुठेचा_काठ
मग ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच का? ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे दोरा. उद्या मुलगा चरख्यावर कातणार का?

सोप्पी_लिपी
मागचे-पुढचे वाक्य वाचून कळते. ‘सुत’ हा शब्द तुम्ही शेवटचा कधी बोललात?

लाटेवरची_होडी
या सगळ्याला कारण म्हणजे मराठी शाळांकडे झालेले दुर्लक्ष. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला तेव्हाच मराठीला दुय्यम केले, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देऊन उरलेसुरले

संपादक
या विषयावर तीन स्वतंत्र धागे आहेत, तिथे जावे. इथले पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत.

निवृत्त_मास्तर
उरलेले सात शब्द. ‘गरिब, खुण, दुध’ हा एक गट. शेवटचे अक्षर अकारान्त असले की त्याच्या आधीचे इ-उ दीर्घ: गरीब, खूण, दूध. आता ‘फूलांचा, मूलांना’ बघा, इथे नेमके उलटे झालेय. ताई, मागच्या आठवड्यात दहा वेळा लिहायला दिलेल्या शब्दांत ‘फूल’ आणि ‘मूल’ होते का?

फोंड्याची_सून
होते!! तुम्हाला कसे कळले?

निवृत्त_मास्तर
मुलाने तुमचे ऐकले म्हणून. ‘फूल’ मधला ‘फू’ त्याच्या हातात इतका बसला की ‘फुलांचा’ लिहितानाही तोच आला. शब्द लांबला की ‘फू’ आखडतो: फूल-फुलांचा, मूल-मुलांना, दूध-दुधाचा, खूण-खुणेने. हे कानाला कळते. मी वर्गात पोरांना उभे करायचो. ‘फूऽल’ म्हणताना दोन्ही हात ताणायचे, ‘फुलांचा’ म्हणताना हात छातीशी. ‘दूऽध’ म्हणून लगेच ‘दुधाचा’ म्हणा, फरक तुम्हालाही ऐकू येईल. वहीत एकटे ‘फूल’ दहा वेळा लिहिण्यापेक्षा ‘फूल-फुलांचा’ ही जोडी दोनदा लिहू द्या.

‘आणी’ म्हणजे शहाणपणाची चूक. शेवटचे अक्षर दीर्घ हा नियम त्याला कळलाय, म्हणून त्याने तो लावला. ‘आणि’ अपवाद आहे एवढे सांगा, रागावू नका. ‘पावस’ हा कोकणीतला पाऊस, त्याला चूक म्हणायलाच माझा हात धजत नाही.

सोप्पी_लिपी
मंदिर? नियमाप्रमाणे ‘मंदीर’ हवे की.

निवृत्त_मास्तर
मंदिर, मधुर, विष, गुण हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, ते तसेच राहतात. चौथीतल्या मुलाला तत्सम-तद्भव शिकवत बसू नका. तसले दहा-बारा शब्द दाराला चिकटवा, येता-जाता बघेल.

फोंड्याची_सून
सोमवारपर्यंत हे सगळे होईल?

निवृत्त_मास्तर
नाही. सोमवारपर्यंत फक्त अनुस्वार धरा. तेरातले पाच तिथेच आहेत, म्हणजे ७ चे १२ होतील. बाकीचे दिवाळीपर्यंत.

मोत्याचे_दाणे
चाररेघी वहीत अनुस्वारही नीट जागी पडतो, हे लक्षात घ्यावे.

रोज_उंडो
निबंध राहिला. काय लिहितो ते टाका ना, शब्द टाकले तसे.

फोंड्याची_सून (बुधवार, रात्री)
‘आमच्या घरची चवथ’. पूर्ण निबंध: ‘आमच्या घरी गणपती येतो. आम्ही माटोळी बांधतो. माटोळी खूप सुंदर दिसते. मला चवथ खूप आवडते.’ संपला. दहा ओळी हव्यात. (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ते फळांचे छत.)

रोज_उंडो
माटोळीचे सामान आणायला रानात जातो का तो?

फोंड्याची_सून
बाबांबरोबर दर वर्षी. सगळी नावे पाठ आहेत. कांगले, कवंडळ, तोरंजन, आंबाडे, नारळाची पेंड म्हणजे घड, सुपारीचा घोस, चिबूड. कवंडळ काढताना पाय घसरून ओहोळात पडला होता, ते वर्षभर सांगत सुटला होता.

रोज_उंडो
मग हे सगळे निबंधात का नाही?

फोंड्याची_सून
पहिलीत असताना एकदा ‘उदक’ लिहिले म्हणून लाल रेघ आली होती. तेव्हापासून घरचा शब्द लिहायला घाबरतो. आणि मीच म्हटले होते की निबंधात असे ओबडधोबड काही नको, छान छान लिही.

भिरंड
छान छान लिहायला सांगितले, त्याने ‘खूप सुंदर’ लिहिले. पोराने आज्ञा पाळली.

मुठेचा_काठ
पण प्रमाण मराठीच्या पेपरात ‘कवंडळ’ कोणाला कळणार? परीक्षकाचाही विचार करायला हवा.

भिरंड
परीक्षक फोंड्यातली बाई आहे, शनिवार पेठेतली नाही. आणि ‘माटोळी’ला दुसरा शब्द असेल तर काढून दाखवा. ‘फळांचे लोंबते छत’ म्हणणार का? ‘उदक’ला ‘पाणी’ आहे, तिथे पाणी लिहावे. ज्याला शब्दच नाही तिथे आमचाच चालतो.

मुठेचा_काठ
हे मान्य.

रोज_उंडो
मी शिकवणी घेते, माझ्याकडे चालते ते सांगते. ‘छान’, ‘सुंदर’, ‘खूप’, ‘मला आवडते’ या चार शब्दांना एका दिवसाची बंदी. मुलाला सकाळी सोप्यावर बसवा, उंडे-पाव विकणारा पोदेर येऊन जाईपर्यंत. निबंध लिही असे म्हणू नका. फक्त विचारा: आधी काय ऐकू आले? टोपलीवर काय घातलेले होते? शेजारच्या बाईने किती घेतले? सुटे पैसे कुठे ठेवले? त्याने सांगायचे, तुम्ही भराभर लिहून घ्यायचे, त्याच्याच शब्दांत. मग ते त्याने उतरवायचे. एक गोष्ट मात्र पाळा: त्या दिवशी लाल पेन कपाटात. ऱ्हस्व-दीर्घाला भिणारे मूल येत असलेला शब्द सोडून सोपा शब्द धरते. ‘कवंडळ’मधल्या चुकीपेक्षा ‘फळ’ बरे, असा हिशेब असतो त्यांचा.

निवृत्त_मास्तर
माझ्या सगळ्या नोकरीत हे मला उशिरा कळले. सहमत.

डोळे_तपासा
चष्मा लागला असेल. आमच्या नात्यात एका मुलाला फळ्यावरचा अनुस्वार दिसतच नव्हता.

फोंड्याची_सून
यांना नको तिथे दिसतोय हो.

फोंड्याची_सून (शनिवार, दुपारी १:०५)
खबर देते. अनुस्वाराचे मी आजोबांना सांगितले नाही, मुलालाच सांगायला लावले. आजोबा पाच मिनिटे गप्प. मग म्हणाले, ‘म्हणजे ही पोरे आमचीं पुस्तकें बिनटिंबाची वाचतात होय!’ आता दोघे मिळून आजोबांच्या जुन्या पोथीतले टिंब मोजतायत. एका पानावर ४१ निघाले. कालच्या शब्दांत अनुस्वाराची एकच चूक, ‘घरांत’.

आणि आज सकाळी पोदेर. जसे लिहिलेय तसे देते, एक अक्षर बदललेले नाही:

‘आधी पोंय पोंय ऐकू येते मग कुत्रा भुंकतो. मग पोदेर दिसतो. त्याच्या टोपलीवर नीळे प्लास्टिक असते ते काढले की वाफ येते आणी त्याचा चष्मा पांढरा होतो. तो चष्मा न पुसताच उंडे मोजतो. आजी दोन काकणं जास्त घेते आणी पदराखाली लपवते कारण तिला साखर आहे. पोदेराला माहीत आहे. तो बाबांना सांगत नाही.’

माझ्या सासूबाईंची काकणं (बांगडीसारखे पाव हो) आज मला कळली.

रोज_उंडो
बाई, हे पान जपून ठेवा.

निवृत्त_मास्तर
‘नीळे’ आणि दोन वेळा ‘आणी’. सोमवारनंतर.

मुठेचा_काठ
‘साखर आहे’ म्हणजे मधुमेह का?

भिरंड
हो. पण ताई, तुमच्याकडे अजून सायकलवाला पोदेर येतो? कुठल्या वाड्यावर? आमचा गेल्या वर्षी बंद झाला, आता उंडे दुकानातून पिशवीत बांधून येतात, गार.