प्लास्टिक नको, आधी मीठ धुवा

दुचाकी रेल्वे पार्सलने पाठवायची तर टाकी रिकामी करा, असं सांगतात ते बरोबरच; पेट्रोल असलेली गाडी रेल्वे पार्सलला घेत नाहीत. पण गाडीला गोणपाटाच्या आत प्लास्टिक घट्ट गुंडाळा, हा त्यासोबतचा सल्ला निदान आपल्या किनारपट्टीवर तरी पाळू नका. इथल्या गाडीवर खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसलेलं असतं, ते ओलावा ओढतं, आणि प्लास्टिकमध्ये तो कोंडला की गंज धरलाच. शेजाऱ्यांची स्कूटर रत्नागिरीहून दिल्लीला गेली. वरून चकचकीत, पण स्टँडची स्प्रिंग, सीटखालचे बोल्ट आणि रिमची आतली कड पार तांबूस.

दोन दिवस आधी गोड्या पाण्याने धुवा. मडगार्डच्या आत तांबडी माती चिकटून बसते, ती ओली राहते, तिथे बोटं घालून काढा. मग खडखडीत वाळू द्या. स्प्रिंग नि बोल्टांना ग्रीसचा हात, ब्रेकला मात्र अजिबात नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर इंजिन थंड असताना खालचा ड्रेन स्क्रू सैल करून बाऊलमधलं (कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोलही काढा. टाकी रिकामी केली तरी ते तिथे उरतं आणि सुकून जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, तुंबवतं. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या नव्या बीएस 6 गाड्यांना ही भानगड नाही.