शहापुरातील जुने ऐसपैस घर आणि अर्धवट राहिलेले तळघर: घ्यावे का?

प्रश्न

नमस्कार. आम्ही सात जण बेळगावात, टिळकवाडीत तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो आणि सध्या शहापुरातील एक जुने घर घेण्याच्या विचारात आहोत. पुढे सोपा, आत माजघर, वर माडी, मागे परस आणि परसात आड, अशी ऐसपैस वास्तू आहे. भिंती दोन फूट जाडीच्या, चिऱ्याच्या आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. विकणाऱ्यांच्या सांगण्यानुसार बांधकाम १९३० च्या सुमाराचे आहे. माजघराखाली बारा बाय अठरा फुटांचे तळघर आहे, पण त्याचे काम कधी पुरे झालेच नाही. भिंतींना गिलावा नाही, जमीन मातीची आहे आणि उजेडासाठी हातभर रुंदीचा एकच झरोका आहे. तेथे मला माझे लेखापालाचे कार्यालय थाटायचे आहे. या एप्रिलमध्ये पाहिले तेव्हा ते कोरडे ठणठणीत होते. फक्त खालच्या दोन फुटांत दगडावर पांढरी भुकटी दिसली आणि बोट फिरवताच ती झडली. "तो दगडांच्या सांध्यांमधला चुना आहे," असे विकणारे म्हणतात. घर घ्यावे का, आणि घेण्यापूर्वी काय तपासावे?

पहिले उत्तर (स्थापत्य अभियंता, वडगाव)

ती भुकटी चुन्याची नसावी. चिमूटभर खरवडून वाटीभर पाण्यात टाका. चुना तळाशी बसेल, क्षार विरघळेल. क्षार निघाला तर त्याला आपले गवंडी लोणा म्हणतात. तुमच्या भिंतींचा चिरा म्हणजे जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतील ओल स्पंजासारखी वर ओढतो, पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार पृष्ठभागावर राहतो. म्हणजे एप्रिलमध्ये कोरडे दिसणाऱ्या भिंतीने पावसाळ्यात कुठपर्यंत पाणी प्यायले होते, त्याची खूण तुम्ही बोटाने पुसून पाहिली आहे.

बेळगावात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात, त्यामुळे तळघर पाहण्याचा खरा महिना जुलै किंवा ऑगस्ट. तोवर थांबणे शक्य नसेल तर परसातील आड पाहा. दोराला वजन बांधून आज पाणी किती खोल आहे ते मोजा, श्रावणात ते कुठवर चढते ते शेजाऱ्यांना विचारा आणि परसाच्या पातळीपासून तळघराची जमीन किती खाली आहे त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही आकडे जवळजवळ आले, तर कोणताही लेप लावून ते तळघर बारमाही वापराचे होणार नाही. पाणी गोळा करण्यासाठी खड्डा, पंप आणि वीज गेल्यावर पंपाची सोय, हे सारे कायमचे मागे लागेल. अंतर पुरेसे असेल आणि ओल केवळ कौलांवरून भिंतीच्या पायथ्याशी पडणाऱ्या पाण्याची असेल, तर पन्हळ बसवून आणि पाणी घरापासून दूर वळवूनच बराच फरक पडतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. चुन्याच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करू नका, कारण कोंडलेली ओल आणखी वर चढते आणि दोन वर्षांत माजघराच्या भिंतीत दिसते. आणि डोक्याला उंची कमी पडते म्हणून भिंतीलगत जमीन खणू नका. जुन्या घरांचा पाया फार खोल नसतो, आणि गल्लीतील घर असेल तर एखादी भिंत शेजाऱ्यांशी सामाईकही असू शकते.

दुसरे उत्तर (दस्तलेखक)

ओलीचे वर आले आहे, मी कागदांचे सांगतो. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, नंतर मुंबई राज्यात आणि १९५६ पासून आजच्या कर्नाटकात. त्यामुळे या घराचे सर्वांत जुने दस्त मोडीत, मधले मराठीत आणि नंतरचे कन्नडमध्ये असू शकतात. मोडी वाचणाऱ्याकडून ते वाचून घ्या, कारण वाटणी आणि सामाईक भिंतीचा उल्लेख बहुधा तेथेच सापडतो. सिटी सर्व्हेचा उतारा, ई-खाता (महापालिकेकडील मिळकतीची नोंद) आणि भार प्रमाणपत्र (मिळकतीवरील बोजे दाखवणारा दाखला) यांतील नावे व क्षेत्र जुळवून पाहा. घर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनुसार मुलींनाही जन्मतः समान हिस्सा आहे आणि वडील त्या वेळी हयात नसले तरी तो लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. विकणाऱ्यांच्या लग्न झालेल्या बहिणींच्या सह्या खरेदीखतावर हव्यातच. "त्यांचे काही म्हणणे नाही" हे तोंडी ऐकून इसार देऊ नका. तळघर मंजूर नकाशात आहे का, हेही विचारा. नसेल तर बँक त्याचे मूल्य धरेलच असे नाही.

तिसरे उत्तर

आमचे घर विणकरांचे. खड्डामागाला, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेल्या हातमागाला, जमिनीची ओल हवीच असते, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. त्यामुळे आमच्या आजोबांना असे तळघर आवडले असते. तुम्ही मात्र तेथे लोकांचे हिशेब ठेवणार आहात. आमच्या दस्तांची ट्रंक वडिलांनी तळखोलीत ठेवली होती आणि तीन पावसाळ्यांनंतर उघडली, तर खालचे कागद एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली होती. घर घ्या, कार्यालय माडीवर करा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. भुकटी पूर्ण विरघळली. आडात आज एकवीस फुटांवर पाणी लागले. तळघराची जमीन परसापासून सात फूट खाली आहे. शेजारच्या आजींनी सांगितले की श्रावणात पाणी आठ-नऊ फुटांवर येते आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळघरात गुडघाभर पाणी साचले होते. हे विकणाऱ्यांना सांगितले, तेव्हा चुन्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तळघराचे क्षेत्र वगळून आम्ही नवी किंमत कळवली आहे आणि दोन्ही बहिणींच्या सह्यांची अट घातली आहे. विकणाऱ्यांनी अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत मागितली आहे.