मारा की सेरेंगेटी? उद्या पैसे भरायचेत, कृपया लवकर सांगा

कृष्णाकाठ: आम्ही घरचे चौघं सफारीला निघालोय. नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (तिकडच्या मोठ्या हरणांचे) कळप बघायचेत, बाबांच्या मनात खूप वर्षांपासून आहे. एजंट म्हणतो केनियातलं मसाई मारा घ्या, भाऊ म्हणतो टांझानियातलं सेरेंगेटी. बजेट एकाच देशाचं. कुठलं घेऊ?

रानवाट: महिना कुठला?

लेन्सवाला: मारा, डोळे झाकून! १००-४०० लेन्स मात्र कमी पडते, ६०० भाड्याने घ्या. लेन्स टेकवायला बीनबॅग विसरू नका.

कृष्णाकाठ: कॅमेऱ्याचं नाही हो विचारलं. फेब्रुवारी. भावाला तेव्हाच रजा आहे.

रानवाट: मग मारा नदीवरचं क्रॉसिंग विसरा. कळप तिथे साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. फेब्रुवारीत ते टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या मैदानांवर. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, आखूड सकस गवत, म्हणून विणीचा हंगाम तिथेच. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, मागावर तरस आणि चित्ते. एजंट फेब्रुवारीत क्रॉसिंग दाखवतो म्हणत असेल तर लेखी मागा.

सह्याद्रीपुत्र: एवढा खर्च कशाला? ताडोबाला जा, वाघ बघा.

मीनल_पुणे: धागा आफ्रिकेचा आहे, दादा. रानवाट, मारा इतकं मोडीत काढू नका. सिंह, चित्ते, हत्ती तिथे बारा महिने असतात. शिवाय परदेशी माणसाला दिवसाचं शुल्क जानेवारी ते जून १०० डॉलर, जुलैपासून २००.

रानवाट: मीनलताई, सिंहांबद्दल वाद नाही. यांना कळप बघायचेत, ते फेब्रुवारीत मारात नसतात.

लेन्सवाला: दोन्ही करा की, लागूनच तर आहेत.

रानवाट: लागून आहेत, पण पर्यटकांच्या गाड्या मधून सीमा ओलांडू शकत नाहीत. इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा पडतो, आख्खा दिवस जातो.

डॉ_सावली: पिवळ्या तापाच्या लशीचं कोणीच कसं विचारलं नाही? केनियातून परतताना भारतात दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो. ती अधिकृत केंद्रांवरच मिळते, वारही ठरलेले असतात. वडिलांचं वय काय?

कृष्णाकाठ: ६८. संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत.

डॉ_सावली: मग आधी त्यांच्या डॉक्टरांकडे जा, पैसे नंतर. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेताना जोखीम वाढते आणि संधिवाताची काही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. टांझानियाला गेलात तरी विमान नैरोबी किंवा आदिस अबाबावरून असेल आणि थांबा बारा तासांच्या वर असेल, तर तिथेही दाखला मागतात.

कृष्णाकाठ: हे एजंट बोललाच नाही! उद्याचे पैसे थांबवते, बाबांच्या डॉक्टरांची वेळ घेते. रानवाट, न्दुतूला गुडघेदुखीवाल्या माणसाला झेपेल अशा गाड्या मिळतात का?

लेन्सवाला: मिळतात, उघड्या छताच्या लँड क्रूझर. फोटोही छान येतात.

रानवाट: पायरी उंच असते, ताई. एजंटकडून गाडीच्या दाराचा फोटो मागवा.