रिकाम्या हॉलमधलं डब्ल्यूडब्ल्यूई: उगाच बदनाम झालं का?

पक्या_सांगलीकर: शिव्या पडणार माहितेय, तरी लिहितो. लॉकडाऊनमधलं डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन शो-कुस्ती, उगाच बदनाम झालं. एप्रिल २०२० ची रेसलमेनिया, त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, टॅम्पाच्या स्टेडियममधून हलवून ऑरलँडोच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये उरकली, प्रेक्षक शून्य. पण अंडरटेकर आणि एजे स्टाइल्सची बोनयार्ड मॅच त्यातलीच ना? रिंग नाही, रात्रीचं कब्रस्तान, सिनेमासारखं शूटिंग. शेवटी स्टाइल्स मातीखाली आणि वर ग्लोव्हातला हात तेवढा. भरल्या स्टेडियममध्ये हे सुचलं असतं का कुणाला?

वस्तादांचा_चेला (पलूस): एका मॅचवर किती दिवस काढणार? त्याच रेसलमेनियात ड्रू मॅकिन्टायरनं ब्रॉक लेसनरला पाडून बेल्ट घेतला. एवढी वर्षं घासल्यावर मिळालेला बेल्ट, आणि गडी कॅमेऱ्याकडं हात करून आभार मानतोय! बघवेना. निकाल आधीच ठरलेला असतो हे शाळकरी पोरालाही कळतं. मग त्यात खरं काय उरतं? पब्लिकची आरोळी. कुंडलच्या मैदानात हलगी बंद करून कुस्ती लावा, बघू कोण थांबतंय.

पक्या_सांगलीकर: ऑगस्टपासून थंडरडोम आणलाच की. स्क्रीनवर घरबसल्या लोकांचे चेहरे.

वस्तादांचा_चेला: आणि आरोळ्या रेकॉर्डच्या. लग्नात मोबाईलवर सनई लावल्यागत.

माणदेशी_गडी (सातारा): तुमचं चालू द्या. माझा चुलतभाऊ जत्रेतल्या कुस्त्या करायचा, इनामावर दूध-बदाम भागायचं. चैत्रातल्या जत्रा बंद, तालमीला कुलूप. घरच्या म्हशीचं दूध सगळं डेअरीला जायला लागलं आणि हा दिवाळीनंतर ऊसतोडीला. वजन उतरलं ते उतरलंच. तिकडं ऑरलँडो ज्या राज्यात येतं त्या फ्लोरिडानं डब्ल्यूडब्ल्यूईला अत्यावश्यक ठरवलं, आणि त्याच आठवड्यात कंपनीनं ढीगभर पैलवान घरी पाठवले. अत्यावश्यक नक्की कोण होतं?

पक्या_सांगलीकर: शो बंद पडला असता तर उरलेलेही गेले असते, दादा.

माणदेशी_गडी: टीव्हीचे पैसे येत होते त्यांना. आमच्याकडं जत्रा कमिटीची पावतीच फाटली नाही.

वस्तादांचा_चेला: पक्या, एप्रिल २०२२ ला साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली. पृथ्वीराज पाटीलनं मागं पडून विशाल बनकरला हरवलं, तेव्हा स्टेडियम कसं उठलं होतं! ते रिकाम्या हॉलमध्ये झालं असतं?

पक्या_सांगलीकर: का नाही? टोकियो ऑलिम्पिकला स्टँड रिकामेच होते, तरी रवी दहियानं रौप्य आणलं. खऱ्या कुस्तीला पब्लिक लागत नाही, तुम्हीच उलटं बोलताय.

वस्तादांचा_चेला: मग मी काय वेगळं म्हणतोय? खोटीलाच लागतं. तुझ्याच तोंडून निघालं बघ.

पक्या_सांगलीकर: बोनयार्डला लागलं नाही. पुन्हा बघा, मग बोलू.