गावातल्या गाण्याला जागा कोण देतं? तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. आधी माझी ओळख करून देतो. वय चोवीस, राहणार मिरजेजवळच्या एका खेड्यात. दिवसा सांगलीत हिशेबाचं काम करतो, संध्याकाळी गाण्यात असतो. हार्मोनियम शाळेत असताना शिकलो, आता एका बाईंकडे ख्याल शिकतोय. मैफलीत बसायची मला घाई नाही. लोक एकत्र बसून गातील, वाजवतील, एकमेकांचं ऐकतील अशी जागा तयार करण्यात मला जास्त आनंद मिळतो. आम्ही चार-पाच मित्रमैत्रिणी सध्या तेच करतोय.

आमचा भाग गाण्याचा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि 1937 मध्ये ते गेल्यावर इथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांचं दफन झालं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही तिथे गाणं होतं. गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवा शेजारच्या कुरुंदवाडचे. लाहोरला 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या माणसाने 1931 मध्ये देह ठेवला तोही मिरजेतच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथून तानपुरे देशभर जातात, आणि इथून काही मैलांवरच्या माझ्या गावातली मुलं तानपुऱ्याचा सूर फक्त मोबाइलवर ऐकतात. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली होती.

त्यातून आमची ‘वाद्यपेढी’ उभी राहिली. भजनात वाजवणारे आजोबा गेले की त्यांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, माळ्यावर जाते. ती कोणी विकत नाही, कारण त्यात माणूस असतो. कोणी वाजवतही नाही. आम्ही अशा घरी जाऊन बसतो, चहा घेतो आणि पेटी मागतो. कायमची नाही, वापरायला. बहुतेक पेट्यांचे रोग ठरलेले: भाता उंदरांनी कुरतडलेला, पट्ट्यांखालच्या बनातीला कसर लागलेली, दोन-तीन सूर (आतल्या पितळी पात्या) धुळीने चिकटलेले. भात्याचं आणि बनातीचं काम आम्ही आता स्वतः करतो. सूर बदलायचे असतील तर मात्र कारागिराकडेच जातो. हे सूर बऱ्याचदा गुजरातेतल्या पालिताण्याहून आलेले असतात आणि ते जुळवायला कान मुरलेला लागतो. दुरुस्तीचा खर्च गावातूनच वर्गणीने निघतो. झाकणाच्या आतल्या बाजूला मूळ मालकाचं नाव लिहितो आणि पेटी एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी सहा महिन्यांसाठी देतो. अट एकच. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देवळाच्या सभामंडपात यायचं आणि जे येत असेल ते सगळ्यांसमोर वाजवायचं. नुसते अलंकार (सरावाच्या स्वररचना) येत असतील तर अलंकार.

तबल्याचं गणित मात्र अजून सुटत नाही. भजनी मंडळांकडून मिळतात ते तबले मोठ्या तोंडाचे, ढाल्या (खालच्या) स्वराचे. आमच्याकडे शिकणाऱ्यांत मुली जास्त आहेत, त्या ‘काळी चार-काळी पाच’मध्ये, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या उंच स्वरात गातात. त्यांना टिपेचा (चढ्या स्वराचा) तबला लागतो, आणि तो माळ्यांवर सापडत नाही.

दुसरी चिंता दहावीची. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे आठवी-नववीत गर्दी होते आणि दहावीचा निकाल लागला की वर्ग रिकामा. मी या गुणांच्या विरोधात नाही, त्यामुळेच कितीतरी घरांत पहिल्यांदा पेटी आली. पण पुढे काय?

तुम्ही कुठेही असा, गायक असा किंवा नुसते सतरंजी अंथरणारे असा. तुमच्याकडे हे कसं चालतं? जागा कोण देतं, पैसे कुठून येतात, मुलं टिकतात का? सविस्तर लिहा.

मंगळवेढ्याहून, निवृत्त शिक्षिका

बाळा, फार चांगलं काम करतोयस. आमच्याकडे बायकांचं भजनी मंडळ जुनं आहे. एकादशीला मारुतीच्या देवळात बसतो. टाळ आमचे, गळे आमचे, पण पखवाज वाजवायला कायम कुणाचा तरी मुलगा नाहीतर दीर बोलवावा लागायचा. तो आला नाही की भजन टाळांवरच. आमच्यातल्या एका सुनेने ठरवलं, मीच शिकते. शिकवणारे बुवा आधी तयार होईनात. म्हणाले, एवढा वेळ मांडी घालून बसणं, हाताला जोर लागतो. तिने त्यांना सांगितलं, आम्ही शेतात काय करतो ते येऊन बघा.

आज ती पखवाजाला कणीक लावून, थापटून, स्वरात आणून बसते तेव्हा मागच्या पोरी टक लावून बघतात. दोन पोरी तिच्याकडे शिकतायत. सप्ताहात काकड्याला आता आमचा पखवाज आमचाच असतो. पंचपदीची चाल थोडी संथ झाली असं काही म्हाताऱ्या म्हणतात. मला ती संथच आवडते, शब्द कळतात.

तुझ्या दहावीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते भजनातच आहे. परीक्षा संपते, एकादशी संपत नाही. तुझ्या मुलांना महिन्यातून एकदा गावच्या भजनाला साथीला बसव. म्हातारी माणसं नाव घेऊन बोलवायला लागली की पोरगं सुटत नाही.

सिन्नर तालुक्यातून

जय भीम. वय तुमच्याएवढंच, काम थोडं वेगळं. माझे वडील आणि चुलते गायन पार्टीत होते. 14 एप्रिलच्या आसपास महिनाभर घरी नसायचे. पेटी, ढोलकी, बेंजो, नंतर ऑक्टोपॅड. आमचा तालुका लोककवी वामनदादा कर्डकांचा, देशवंडी त्यांचं गाव. त्यामुळे प्रत्येक वस्तीत कुणाकडे तरी गाण्यांच्या वह्या आहेत. दुरेघी वह्या, काही जनगणनेच्या जुन्या कागदांच्या पाठीवर लिहिलेल्या, काहींना पाणी लागलेलं.

आम्ही तिघं त्या वह्यांचे फोटो काढतो. वही घेऊन जात नाही, तिथेच बसून काढतो आणि परत हातात देतो. हा नियम सोडला तर कुणी दुसऱ्यांदा दार उघडणार नाही, आणि ते बरोबरच आहे. कारण पूर्वी ‘अभ्यासाला’ म्हणून नेलेल्या वह्या परत आल्या नाहीत, असं सांगणारी घरं भेटतात.

खरी अडचण चालींची आहे. वहीत शब्द असतात. वर ‘चाल’ असं लिहून त्या काळातल्या एखाद्या सिनेमाच्या गाण्याची पहिली ओळ असते. पण कितीतरी चाली गायकांच्या स्वतःच्या होत्या आणि त्या फक्त गळ्यात आहेत. म्हणून ज्यांना आठवतं त्यांच्याकडून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घेतो. पेटी सोबत नेतो, म्हणजे गायकाला स्वर धरता येतो. आणखी एक बघतो, शेवटच्या कडव्यातलं नाव. वामनदादांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ येतं, बाकीच्या कवींचंही तसंच. गाताना वेळ वाचवायला शेवटचं कडवं गाळतात आणि मग गाणं बेवारस होतं किंवा भलत्याच्या नावावर जातं. तुमच्याकडे भजनांतही असं होत असेल. नाममुद्रेचं कडवं गाळू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

जागा समाजमंदिराची. पैसे आमच्या खिशातले.

मुळशीहून, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला

माझं छोटंसं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आमच्या भागातून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गावानुसार ऐकता येतात. मी शेजारच्या गावच्या ओव्या आजीला ऐकवल्या. ती तीन ओव्या शांत बसून ऐकत होती, चौथीला तिने फोन खाली ठेवायला लावला आणि स्वतः पुढच्या म्हणायला लागली. आता आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी जमतात. जातं एकीच्या परसात आहे. ते फिरवल्याशिवाय त्यांना ओवी आठवत नाही असं त्या म्हणतात, म्हणून मूठभर दाणे टाकून खरोखर दळतात.

फोंडा, गोवा

आमच्याकडे चवथीला (गणेश चतुर्थीला) घराघरांत घुमटावर, म्हणजे कातडं चढवलेल्या मातीच्या वाद्यावर, आरत्या होतात, आणि त्या आरत्या मराठीतून. घुमट, शामेळ (छोटे जोडनगारे), कांसाळें (झांज) आणि दहा-पंधरा गळे. मी कॉलेजात असताना आमच्या वाड्यावर सगळे ध्वनिफितीवर आरती लावायला लागले होते. घुमट होते, पण फुटके. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि बंद झालं ते योग्यच झालं. बकऱ्याचं कातडं लावलेल्या घुमटाला पूर्वीचा नाद नाही म्हणून जुनी माणसं हिरमुसली आणि त्यांनी वाजवणंच सोडलं. आम्ही एका कुंभाराकडे आणि कातडं चढवणाऱ्याकडे वारंवार जाऊन बसलो. कातडं किती पातळ करायचं, किती ओलं असताना ताणायचं, उन्हात किती ठेवायचं हे बघत राहिलो. नाद वेगळाच आहे, पण चांगला आहे. 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केल्यापासून शाळांतही तो दिसायला लागलाय.

स्पर्धांबद्दल माझं मत सांगतो. आमच्याकडे घुमट आरतीच्या स्पर्धा जोरात असतात, त्यामुळे मुलं तयारी करतात, हात पक्का होतो. पण स्पर्धेतली लय इतकी चढते की घरातली बाई, म्हातारा, लहान मूल त्या आरतीत येऊ शकत नाही. आम्ही वाड्यावरच्या आरतीसाठी मुद्दाम वेगळा सराव घेतो. ज्याला गाता येत नाही त्यालाही सूर मिळेल अशा लयीत.

म्युनिक, जर्मनी

आम्ही इथली मराठी कुटुंबं मुलांसाठी दर शनिवारी पुण्यातल्या एका ताईंचा ऑनलाइन वर्ग घेतो. ज्यांना असा वर्ग सुरू करायचाय त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं लिहितो. पहिले काही महिने आम्हाला ताईंचा तानपुरा ऐकूच यायचा नाही. सतत चालू असलेला आवाज म्हणजे पंख्यासारखी घरघर, असं समजून झूम तो गाळून टाकतं! ‘ओरिजिनल साउंड’ची सोय चालू केली आणि एकदम खोली भरली. दुसरं म्हणजे आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोन्हीकडून एकत्र गाता येतच नाही. ताई गातात, मूल आपल्या घरच्या तानपुऱ्याबरोबर परत गातं, बाकीच्यांचे आवाज बंद. एकमेकांत मिसळून गाणं काय असतं हे मुलांना अशाने कळत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जमतो. घरी शक्य नाही. इथे रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, तबला म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली. जवळच्या चर्चचं सभागृह अगदी थोड्या भाड्यात मिळतं. तिथल्या ऑर्गन वाजवणाऱ्या आजी एकदा येऊन बसल्या. मुलांनी भूप गायला, त्यांनी पाच स्वर ऑर्गनवर धरून दिले. आमच्यात जो मुलगा कधीच तोंड उघडत नव्हता तो त्या दिवशी गायला.

ठाण्याहून

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, मला गाता येत नाही. माझी पत्नी गायची. तिचा मिरजेचा बायकी तानपुरा घरात आहे, ती गेल्यापासून गवसणीत (कापडी खोळीत). मुलगी परदेशात, तिला नेता येणार नाही. वर लिहिलंय की तुमच्याकडे मुली काळी चारमध्ये गातात. पत्नीचा स्वरही तोच होता. हा तानपुरा तुमच्या पेढीत चालेल का? सहा महिन्यांनी परत वगैरे काही नको. झाकणाच्या आत नाव लिहिता म्हणालात, तानपुऱ्यावर कुठे लिहिता येईल?

धागा काढणारा

काका, चालेल का असं विचारू नका. आमच्याकडे अकरावीतली एक मुलगी आहे. दहावीनंतर टिकलेल्या मोजक्यांपैकी. ती फोनवरच्या तानपुऱ्यावर यमन करतेय. काकूंचं नाव गवसणीवर भरतकामाने घालता येईल, किंवा दांडीच्या मागे लहान पितळी पट्टी बसवता येईल. तुम्ही सांगाल तसं. न्यायला आम्हीच येतो, पार्सलने पाठवू नका.

मिरजेहून, तंतुवाद्य कारागीर

मधेच बोलतो, कारण हे वाचून राहवलं नाही. काका, आता लगेच एक करा. तारा इतकी वर्षं ताणलेल्याच असतील तर खुंट्या थोड्या सैल करा, पण पूर्ण उतरवू नका, घोडी (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) जागेवर राहिली पाहिजे. मणी आणि जिव्याचे (घोडीवर तारेखाली असलेले) दोरे जसे आहेत तसे ठेवा. तानपुरा भिंतीला टेकवून उभा असेल तर आडवा करा, भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना मऊ उशी. भोपळा पंढरपूरकडचा असणार, पक्का असतो, पण जुना झाला की धक्क्याला तडकतो. आणि तडकला तरी घाबरू नका, भोपळा सांधता येतो. तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी फळीला) भेग आहे का ते तेवढं फोटो काढून पाठवा.

मुलांनो, आणताना रेल्वेच्या डब्यात वरच्या फळीवर ठेवू नका. एकाने मांडीवर घ्यायचा. मिरजेला उतरलात की घरी न्यायच्या आधी दुकानात या. एवढी वर्षं बंद होता म्हणजे जवारी (घोडी घासून तारेला आणलेला झंकार) नव्याने काढावी लागेल. त्या मुलीलाही बरोबर आणा. तिच्या आवाजावर जवारी काढतो, उघडी हवी की बंद ते तीच ऐकून सांगेल.