भाडेकरू कुटुंबांच्या शौचालयाचा प्रश्न ग्रामसभेत कसा मांडावा?

प्रश्न: गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर भाड्याने राहणाऱ्या मजूर कुटुंबांना, जागा त्यांच्या नावावर नसल्यामुळे, शौचालय मिळालेले नाही, भर पावसातही तेथील बायका पहाटे टॉर्च घेऊन कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेने जातात. काय मागावे?

उत्तर: ताई, सामुदायिक शौचालय मागा. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात त्याची तरतूद असून स्थलांतरित मजूर येतात अशा ठिकाणांना प्राधान्य आहे. देखभालीची जबाबदारी पंचायतीची, हे ठरावात अवश्य लिहून घ्या.

उत्तर: रॅम्पही मागा, फूटभर उंचीसाठी बारा फूट लांबी हवी. माझ्या आईची चाकांची खुर्ची एका सार्वजनिक शौचालयाच्या दारातच अडकली होती.

उत्तर: त्याआधी दिवेलागणीनंतर त्या बायकांनाच भेटा; जागा, दिवा, कडी त्यांनाच ठरवू द्या.